रस्त्यावरची माऊली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



(गाडी चालवत असाल तर आत्ता हे वाचू नका. घरी पोहोचा, हातपाय धुवा, चहा घ्या आणि मग निवांत वाचा. कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे पाठवलंत तर आनंदच आहे.)

या वेळच्या पत्रासाठी खरं तर उत्सवाच्या तयारीविषयी लिहा, असं मला सांगितलं होतं. नैवेद्य, पारायण, फुलं, सगळ्याच्या याद्या तयार आहेत, त्या येतीलच. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षं झाली, मी ती कोणाला नीट सांगितलेली नाही. ग्रुपवर तेव्हा मी फक्त "छोटासा अपघात झाला, गुरुकृपेने सगळं ठीक आहे" एवढंच टाकलं होतं आणि शंभरेक जणांनी हात जोडल्याची खूण पाठवली होती. त्यात "ठीक" होते ते आम्ही. ज्यांना लागलं ते ठीक नव्हते.

श्रावणातला गुरुवार होता. आपल्या बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, पडत नाही म्हणेपर्यंत भुरभुर सुरू होते. आरतीला उशीर झाला होता. हे गाडी चालवत होते, मी मागे यांच्या पाठीमागच्या सीटवर, मांडीवर शिऱ्याचा डबा. केंद्राच्या गल्लीत नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना आपल्याच लोकांच्या गाड्या. आम्हीही नेहमीप्रमाणे त्या रांगेच्या बाहेर, म्हणजे अर्ध्या रस्त्यातच गाडी उभी केली. आतून घंटेचा आवाज आला. "आरती सुरू झाली बघा!" म्हणत मी दार उघडलं.

मागे बघितलं नाही. एका झटक्यात पूर्ण दार उघडलं.

मागून एक मामा सायकलवरून येत होते. साठीच्या आसपासचे, शहापूरच्या बाजूला मागावर काम करणारे, सुट्टी करून घरी निघालेले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त दाराला धक्का बसला, सायकल आडवी झाली, आणि मामा रस्त्याच्या मधल्या बाजूला पडले. त्यांच्या मागे स्कूटीवर एक कॉलेजची मुलगी होती. तिने कसा ब्रेक दाबला तिलाच ठाऊक. तिचं पुढचं चाक मामांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

आता सांगायची खरी गोष्ट पुढे आहे. माझ्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला? गुरुमाऊलींचं नाव नाही. "लागलं का?" हेही नाही. मी म्हणाले, "काय मामा, बघून चालवायचं नाही का?"

मामा मनगट धरून उठून बसले आणि हळूच म्हणाले, "अक्का, मी सरळच चाललो होतो."

एवढंच. ना ओरडले, ना शिव्या दिल्या. आत आरती चालू होती, माझ्या हातात देवाचा शिरा होता, आणि मी जमिनीवर पडलेल्या माणसाला माझ्याच चुकीबद्दल रागवत होते.

त्यांना दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. मागावर रोजच्या कामाचे रोज पैसे, हात बंद म्हणजे चूल बंद. खर्च आम्ही केला, बुडालेली मजुरीही दिली, पण पैसे दिले म्हणून हाड उद्या जुळत नाही. आठवड्याने त्यांच्या घरी गेले तेव्हा मामींनी चहा दिला. निघताना मामांनी विचारलं, "त्या दिवशी आरती चुकली ना तुमची?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मनात एकच विचार येतो. नाम आपण कितीही घेऊ, पारायणं कितीही करू. पण घाईच्या क्षणी, समोर आपल्यापेक्षा दुबळा माणूस आला की जो शब्द पटकन तोंडातून निघतो, तीच आपली खरी साधना. माझी त्या दिवशी कळली.

काशीची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आद्य शंकराचार्य शिष्यांना घेऊन गंगास्नानाला निघाले होते. अरुंद वाट. समोरून एक चांडाळ चार कुत्री घेऊन आला. आचार्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो जागचा हलला नाही. त्याने उलट विचारलं की बाजूला कोणी व्हायचं? अन्नाने बनलेल्या या देहाने? तुमचाही देह अन्नाचाच आहे. की आतल्या चैतन्याने? ते तर तुमच्यात आणि माझ्यात एकच आहे, मग ते कुठून कुठे जाणार? सूर्याचं प्रतिबिंब गंगेत पडलं काय आणि गल्लीतल्या डबक्यात पडलं काय, सूर्यात फरक पडतो का? आचार्य तिथंच थांबले आणि त्यांनी त्याला नमस्कार केला. परंपरा असं मानते की तो साक्षात काशीविश्वेश्वर होता आणि ती चार कुत्री म्हणजे चार वेद. या प्रसंगातून 'मनीषापंचक' आलं. ज्याला ही दृष्टी आली, तो कोणत्याही कुळातला असो, तोच माझा गुरू, असं आचार्यांनी त्यात म्हटलं आहे.

ही गोष्ट प्रवचनात आपण अद्वैताची गोष्ट म्हणून ऐकतो. पण घडली कुठे, बघा. देवळात नाही, मठात नाही. ती रस्त्यावर घडली. "वाट कोणी सोडायची" या प्रश्नावरून घडली. जगद्गुरूंनाही परीक्षा द्यावी लागली ती रस्त्यात, समोरून येणाऱ्या माणसापुढे.

आज आपण तोंडाने "बाजूला हो" म्हणत नाही. त्यासाठी हॉर्न आहे. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागून पों पों सुरू. काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांच्या पाठीवर हॉर्न. खड्डा चुकवायला जरा आत आलेल्या सायकलवाल्याच्या कानात हॉर्न. रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर अप्पर लाइट. सगळ्यांचा अर्थ एकच, बाजूला हो, मी आलोय.

आता याच्या समोर आपली दुसरी रीत ठेवा. वारीत गेलेल्यांना माहीत आहे. लाखो माणसं एका रस्त्यावर. त्यात पुढे जायचं असेल तर काय म्हणतात? "माऊली, माऊली." पाय लागला तर "माऊली" म्हणून वाकायचं. पाणी हवं असेल तरी माऊली, वाट हवी असेल तरी माऊली. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी असो नाहीतर मागून येणारा टँकरवाला, हाक तीच. वाट मागायची तर समोरच्यातल्या देवाकडे मागायची, हे आपल्या वारकऱ्यांनी शेकडो वर्षं चालत चालत शिकवलं आहे. रस्ता एकच आणि गर्दी तीच असते. हाक बदलली की माणूस बदलतो.

म्हणजे आपल्याला रस्त्यावर दोनच शब्दांतून निवड करायची आहे. "बाजूला हो" की "माऊली"?

काही जण म्हणतील, ताई, हे अध्यात्म नाही, हे ट्रॅफिक पोलिसांचं काम आहे. मग आकडा सांगते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ माणसं पायी चालणारी होती. म्हणजे रोज साधारण नव्वद माणसं, जी घरातून चालत निघाली आणि परतली नाहीत. दूध आणायला, शाळेत, देवळात निघालेली. ७४,८९७ दुचाकीवरची होती. आणि हेल्मेट न घातल्याने गेलेल्यांची नोंद ५०,०२९ आहे. जीव वाचवणं अध्यात्मात बसत नसेल तर मग काय बसतं?

आपल्या महाराजांचा आग्रह असतो की सेवा बोलायची नाही, करायची. म्हणून आता कामाचं बोलते. मी शिकले ते सांगते. ही उपासनाच समजा.

*जो बलवान, त्याने आधी वाकायचं*

रस्त्यावर सगळ्यात आधी मान कोणाचा? चालणाऱ्याचा. मग सायकलवाल्याचा. मग दुचाकी, मग मोटार, मग ट्रक-बस. कारण सोपं आहे. मोटारीची आणि सायकलची टक्कर झाली तर मोटारीचा पत्रा दबतो आणि सायकलवाल्याचं हाड मोडतं. ज्याच्या हातात ताकद जास्त, त्याच्या डोक्यावर जबाबदारी जास्त. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ते आपण भक्तीने सांगतो. आपल्याला तर फक्त पाय ब्रेकवर न्यायचा आहे.

*दार उघडताना लांबचा हात*

हे मी माझ्या चुकीतून शिकले. गाडीतून उतरताना दाराजवळचा हात वापरायचा नाही, लांबचा वापरायचा. उजवीकडच्या सीटवर असाल तर डाव्या हाताने दार उघडा. डावा हात उजवीकडे नेला की अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि मागून येणारा दिसतो. डावीकडे बसला असाल तर उजव्या हाताने. आधी आरशात बघा, मग थोडंच उघडा, मग पूर्ण. दोन सेकंदांचं काम आहे. घरात लहान मुलांनाही शिकवा, आमच्या नातवाला चार दिवसांत जमलं.

*सायकलवाल्याला हातभर नाही, दोन हात जागा*

पावसाळ्यात आपल्याकडे खड्डे किती आणि कसे, ते सांगायला नको. खानापूर रोड असो की काँग्रेस रोड, सायकलवाला खड्डा चुकवायला अचानक आत येणार, हे धरूनच चालायचं. त्याला ओलांडताना निदान पाच फूट बाजूने जा. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. अर्धा मिनिट जाईल. अर्ध्या मिनिटात किती वेळा नाम होतं, मोजून बघा.

*वेगाचा हिशोब*

वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. म्हणजे आपल्या केंद्राच्या हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्याही पुढे, तुमचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचायच्या आत. फोनकडे बघण्यात दोन सेकंद गेले तर? रस्ता ओला असेल तर? गल्लीत, शाळेजवळ, देवळाजवळ ३० च्या वर जाऊ नका.

*उलटी प्रदक्षिणा नको*

देवळात आपण उलटी प्रदक्षिणा घालतो का? नाही. महादेवाच्या देवळात सोमसूत्रापासून परत फिरतो, कारण तिथं तसाच नियम आहे. मग पुढचं वळण लांब पडतं म्हणून राँग साइडने कसे काय जातो? देवाभोवती शिस्त पाळणारा भक्त रस्त्यावर वेगळा कसा होतो?

*चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनीही*

मान मिळाला म्हणून आपली काळजी सुटत नाही. फूटपाथ नसेल तिथं रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंधारात पांढरे किंवा फिकट कपडे घाला. पहाटे काकड आरतीला येणाऱ्या आजीबाई गडद शाल पांघरून येतात, त्यांच्या पिशवीला चमकणारी पट्टी लावून द्या. फोनवर बोलत रस्ता ओलांडू नका. सायकलला मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, आणि घंटी चालती ठेवा. गप्पा मारत दोघादोघांनी शेजारून सायकल चालवू नका. पायी दिंडीला जाणाऱ्यांनी पुढे आणि मागे दिवा किंवा लाल निशाण घेतलेला माणूस ठेवावा, आणि हायवेवर अंधारात चालणं टाळावं. विठ्ठल दोन तास उशिरा आलात म्हणून रागावणार नाही.

*मुलांच्या हातात किल्ली नको*

हे आपल्या आयांसाठी. दहावीतल्या मुलाला "जा रे, केंद्रात प्रसाद देऊन ये" म्हणून स्कूटीची किल्ली देतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पण दंडाचं सोडा. त्याच्या हातून कोणाचा जीव गेला तर ते ओझं तो जन्मभर कुठे ठेवणार? प्रसाद चालत गेला तरी प्रसादच राहतो. आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे, चार वर्षांवरच्या मुलांनाही. केस विस्कटतात म्हणून वहिनींनो कारण सांगू नका, मीही सांगत होते.

*पडलेल्याला उचला*

"पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार" म्हणून लोक पुढे जातात. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं आहे. अपघातग्रस्ताला चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्तीही नाही. तेव्हा थांबा, १०८ किंवा ११२ ला फोन लावा. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणाऱ्या पोराला नाथांनी उचलून कडेवर घेतलं, त्याची जात विचारली नाही की लोक काय म्हणतील हे बघितलं नाही. त्या नाथांचे आपण वारस म्हणवतो ना?

आता आपल्या केंद्राविषयी. गेल्या गुरुवारी मी मुद्दाम पाच मिनिटं बाहेर उभी राहिले. आपल्या सात गाड्या फूटपाथवर होत्या. एक आजी, आपल्या नव्हेत, गल्लीतल्याच, काठी टेकत रस्त्याच्या मधून गेल्या, कारण त्यांची वाट आपण अडवली होती. आत आपण जयजयकार करत होतो. ज्या आजीला आपल्या भक्तीमुळे रस्त्यात उतरावं लागतं, तिला आपल्या गुरूंविषयी काय वाटत असेल?

उत्सवाला तर तिप्पट गर्दी होईल. म्हणून विनंती आहे, या वेळी "वाटेची सेवा" म्हणून दहा सेवेकरी हवे आहेत. जवळ राहणाऱ्यांनी चालत यावं. एका घरातून एकच गाडी यावी. गाड्या मैदानात लावाव्यात, गल्लीत नाही. म्हाताऱ्यांना आणि पाय दुखणाऱ्यांना दारापर्यंत सोडून गाडी लगेच पुढे न्यावी. वाटेची सेवा करणाऱ्यांना दर्शन शेवटी मिळेल, पण माझ्या मते ते सगळ्यात आधी मिळालेलं असेल. पहिलं नाव माझं लिहा. माझी एक आरती तशीही बाकी आहे.

त्याचबरोबर प्रत्येक घराने या आठवड्यात पाच गोष्टींचा संकल्प करावा, अशी प्रार्थना आहे. देवासमोर दिवा लावून, घरातल्या सगळ्यांनी मिळून:

१. किल्ली हातात घेतली की एकदा गुरूंचं नाव, आणि फोन पिशवीत.
२. दार नेहमी लांबच्या हाताने, मागे बघून.
३. चालणाऱ्याला आधी वाट. झेब्रा क्रॉसिंगवर थांबायचं, मागचा हॉर्न वाजवत असला तरी.
४. हॉर्न धोक्यापुरताच. हात हॉर्नकडे गेला की मनात म्हणायचं, "माऊली."
५. हेल्मेट आणि पट्टा, पुढे आणि मागेही. लायसन नसलेल्या मुलाला किल्ली नाही.

ज्यांनी संकल्प केला त्यांनी ग्रुपवर नुसती हात जोडल्याची खूण टाकू नका. महिनाभर पाळा आणि मग एक ओळ लिहा, काय जमलं, काय नाही जमलं. न जमलेलंही लिहा, त्यात लाज नाही. मी माझं लिहिलं आहेच.

मामांचा हात बरा झाला. पूर्ण नाही, थंडीत दुखतो म्हणतात. अजून त्याच सायकलवरून त्याच रस्त्याने जातात. कधी दिसले तर घंटी वाजवून हसतात आणि म्हणतात, "अक्का, सरळच चाललोय!" मी गाडीत असले तरी हात जोडते. त्या क्षणी माझी आरती होते.

तुमच्याही रस्त्यावर कोणीतरी सरळच चाललेलं आहे. त्याला सुखरूप घरी पोहोचू द्या. तुमचं माणूसही असंच कोणाच्या तरी गाडीसमोरून चालत घरी येतंय.

चुकलं-माकलं असेल तर क्षमा असावी. श्रीगुरुचरणी समर्पित.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

— एक सेवेकरी भगिनी, बेळगाव